घरातले फेस्त : कोकण किनाऱ्यावरील कॅथलिक सण आणि मुले

फादर थॉमस स्टीफन्स हे नाव काढले की मराठीच्या विद्यार्थ्याला प्रथम आठवतात त्या ‘ख्रिस्तपुराणा’तील मराठीच्या थोरवीच्या ओव्या. परदेशातून आलेल्या एका जेझुइट पाद्र्याने आपल्या भाषेचे इतके मनापासून कौतुक करावे याचा आपल्याला अभिमान वाटतो आणि बहुतेक वेळा आपला स्टीफन्सशी असलेला परिचय तेथेच संपतो. वास्तविक १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापलेल्या या ग्रंथाविषयी आणखी एक साधा प्रश्न विचारायला हवा. तो कोणासमोर, कोणत्या दिवशी वाचला जात होता? या प्रश्नाचा पाठपुरावा करू लागलो की आपण वाङ्मयाच्या इतिहासातून हळूहळू घराच्या इतिहासात शिरतो. सणाच्या दिवशी घरात काय शिजले, काय गायले गेले, मुलांच्या हाती काय दिले गेले, याचा तो इतिहास आहे. प्रस्तुत लेख त्यासंबंधी आहे.

विषयाची मर्यादा आधीच सांगून ठेवतो. गोवा, वसई आणि मंगळूर या तीन ठिकाणच्या कॅथलिक घरांपुरतेच हे विवेचन आहे. तिन्ही ठिकाणी पोर्तुगीज धर्मप्रसाराची छाया कमीअधिक पडलेली आहे, तिन्ही ठिकाणी भात पिकते, आणि तिन्ही ठिकाणी पावसाळ्याचे चार महिने वर्षाला आकार देतात. या तीन गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरतात.

घराविरुद्ध उभे केलेले मूल

फ्रान्सिस झेवियर १५४२ च्या मे महिन्यात गोव्यात आले. हातात घंटी घेऊन ते रस्त्यांतून फिरत आणि मुलांना, गुलामांना धर्मशिक्षणासाठी गोळा करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलांवरील त्यांचा भर हा भाबडेपणाचा भाग नव्हता. पुढे तमिळ प्रदेशातील मोती काढणाऱ्यांच्या किनाऱ्यावर काम करून आल्यावर जानेवारी १५४४ मध्ये कोचीनहून आपल्या सहकाऱ्यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी मुलांच्या उत्साहाचे वर्णन केले आहे. घरात कोणी मूर्तिपूजा करताना दिसले की ही मुले आईबापांशी वाद घालतात, येऊन आपल्याला सांगतात, आणि मग आपण त्यांनाच बरोबर घेऊन त्या गावी जातो व मुले मूर्ती फोडून टाकतात, असा त्या मजकुराचा आशय आहे.

पत्र लिहिणाऱ्याला यात आनंद आहे. चार-पावणेपाच शतकांनंतर ते वाचताना आपले लक्ष मात्र त्या घरांकडे जाते. आदल्या वर्षी ज्या कोनाड्यापुढे त्या मुलाने आईबरोबर हात जोडले असतील, त्याच कोनाड्यावर आता तो धोंडा घेऊन आला आहे. घरातील सण मोडायचा तर तो मुलाच्या हातून मोडावा, हे धोरण धर्मप्रसारकांना फार लवकर उमगले होते. १५५९ साली पोर्तुगीज राजसत्तेने पोरक्या हिंदू मुलांविषयी काढलेला हुकूम याच दिशेचा होता. अशी मुले गोव्यातील सेंट पॉल कॉलेजच्या ताब्यात देऊन त्यांना ख्रिस्ती म्हणून वाढवावे, असे त्यात ठरले. मूल ज्याच्या हाती त्याच्या हाती पुढची पिढी, हा हिशेब दोन्ही ठिकाणी सारखाच आहे.

परंतु मूल धर्मशिक्षणाच्या वर्गात किती वेळ राहणार? संध्याकाळ झाली की ते घरी परतणारच. घरी आई होती, आजी होती, चूल होती. पंचांग पाठ नसले तरी वर्षाची लय ठाऊक असलेले अंगण होते. धर्मांतर झालेल्या घरात जुने सण गेले, त्यांची जागा कोणी तरी भरायला हवी होती. वर्गातील प्रश्नोत्तरांनी ती भरणे शक्य नव्हते.

पुराणाची मागणी

ही उणीव चर्चच्या आतूनच सांगितली गेली, आणि ती मराठीत सांगितली गेली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी स्टीफन्सने एक प्रसंग घातला आहे. नवख्रिस्ती समाजातील एक ब्राह्मण पाद्री-गुरूला म्हणतो की, तुम्ही शिकविता ते सर्व चांगले आहे, पण आमची पूर्वीची पुराणे तुम्ही बंद केलीत. त्यांच्या जागी वाचायला, ऐकायला आम्हांला दुसरे काही का देत नाही? प्रसंग प्रत्यक्ष घडलेला असो वा कवीने रचलेला, त्यातील मागणी खरी आहे. धर्माला सिद्धान्त लागतो, तशी गोष्टही लागते, आणि ती गोष्ट सणाच्या दिवशी चारचौघांत बसून ऐकायची असते.

या मागणीला उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. रविवारी आणि सणांच्या दिवशी चर्चमध्ये त्याचे वाचन होऊ लागले. १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. याच स्टीफन्सने कोंकणीत लिहिलेली ‘दौत्रिना क्रिस्तां’ ही प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षणाची पोथी त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली राचोललाच छापली गेली. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहावीत. मुलांना धडा द्यायचा तो त्यांच्या घरच्या बोलीत, कोंकणीत. सण साजरा करायचा तो पुराणाच्या भाषेत, मराठीत. दोन भाषांचा हा वाटा स्टीफन्सने जाणूनबुजून केलेला दिसतो. गोव्यातील समाजाची जुनी सवयही तशीच होती. घरात कोंकणी बोलावी आणि कथा-कीर्तन मराठीतून ऐकावे.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात ‘ख्रिस्तपुराणा’ची नोंद छंद, भाषा आणि रूपकांच्या अंगाने झाली आहे. हा ग्रंथ मुळात काढून घेतलेल्या सणांची भरपाई म्हणून मागितला गेला होता, हे मात्र आपण क्वचितच लक्षात घेतो.

बंदीच्या यादीतून दिसणारे घर

घरातल्या सणाचा इतिहास लिहिताना मोठी अडचण येते ती साधनांची. ज्यांनी सण केले त्या बायकांनी काही लिहून ठेवले नाही. ज्यांनी लिहिले ते बहुधा सण बंद करायला निघालेले होते. त्यामुळे या घरांत काय चालत असे हे आपल्याला कळते ते बंदीहुकमांतूनच.

गोव्यात इन्क्विझिशन १५६० साली सुरू झाले आणि मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले. या न्यायसभेने १७३६ साली काढलेला जाहीरनामा अ. का. प्रियोळकरांनी आपल्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या १९६१ च्या इंग्रजी ग्रंथात अभ्यासकांसमोर आणला. स्थानिक ख्रिस्ती लोकांनी काय करू नये याची ती तपशीलवार यादी आहे. लग्नात नवरानवरीला हळद लावू नये. ओव्या गाऊ नयेत. अंगणात, बागेत तुळस लावू नये. हिंदूंप्रमाणे बिनमिठाचा भात शिजवून मीठ मागाहून घेऊ नये. पुरुषांनी धोतर नेसू नये, बायकांनी चोळी घालू नये. एकादशीचा उपास करू नये.

ही यादी मोठ्या विरोधाभासाने भरलेली आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून धर्मांतरे झाली. म्हणजे १७३६ पर्यंत पाच-सहा पिढ्या उलटल्या होत्या. तरीही भातात मीठ केव्हा घालायचे हे न्यायसभेला सांगावे लागत होते! सत्तेचा हात चर्चच्या दारापर्यंत पोहोचला होता, चुलीपर्यंत पोहोचला नव्हता. आणखी एक गोष्ट मराठीच्या वाचकाला विशेष बोचेल. १६१६ मध्ये ज्या छंदात चर्चने आपले पुराण छापले, त्याच ओवीला १७३६ मध्ये लग्नघरात बंदी झाली. पाद्र्याच्या हातातील ओवी ग्रंथ ठरली, बाईच्या तोंडची ओवी गुन्हा ठरली. मध्यंतरी १६८४ साली व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर याने देशी भाषा तीन वर्षांत टाकून पोर्तुगीज बोलावी असे फर्मान काढले होते. फर्मानाने भाषा मेली नाही. मात्र देशी भाषेत छापण्याची जी परंपरा राचोलला सुरू झाली होती, ती सतराव्या शतकाच्या अखेरीस आटली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळुरात तो पुन्हा छापला, तेव्हा कॅथलिक कुटुंबांनी जपलेली हस्तलिखिते त्यांच्या उपयोगी पडली.

पावसाने बदललेले पंचांग

मंगळूरचा उल्लेख आला म्हणून तेथील ख्रिस्ती समाजाविषयी दोन शब्द. हा कोंकणी बोलणारा समाज बहुतांशी गोव्यातून गेलेला. इन्क्विझिशन, करांचा बोजा आणि सतराव्या-अठराव्या शतकांतील लढाया अशी या स्थलांतराची कारणे सांगितली जातात. गोवा सोडताना या लोकांनी आपले पुराण नेले तसे आपले सणही नेले. म्हणूनच मरियेच्या जन्माचा ८ सप्टेंबरचा सण, ज्याला तेथे ‘मोंती फेस्त’ म्हणतात, घरातल्या सणाचे स्वरूप समजून घेण्यास फार उपयोगी आहे.

सणाआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. रोज मुले परडीत फुले घेऊन चर्चमध्ये जातात आणि बाल-मरियेच्या मूर्तीपुढे वाहतात. पावसाळा सरत आलेला असतो. परसात, बांधावर, कुंपणावर जे फुललेले असेल ते चालते. सणाच्या दिवशी भाताची नवी कणसे आशीर्वादित करून प्रत्येक कुटुंबाला दिली जातात. घरी आणल्यावर ती वेदीवर ठेवतात. मग त्यांतील दाणे सोलून, वाटून, दुधात किंवा खिरीत घालतात आणि घरातील वडीलधारी व्यक्ती प्रार्थना करून ते सर्वांना वाटते. याला ‘नवें’ म्हणतात. जेवण शाकाहारी, केळीच्या पानावर. परगावी गेलेल्या माणसाचा वाटा ठेवण्याची, कणसाचे दाणे त्याला टपालाने पाठविण्याचीही रीत आहे.

नव्याची पुनव किंवा नवान्न माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे सारे ओळखीचे वाटेल. गोव्यात ऑगस्टमध्ये होणारे कणसांचे फेस्त आणि मुंबई-वसईकडील ईस्ट इंडियन समाजाचा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारचा ‘आगेरा’ हे त्याच जातकुळीचे. हे साम्य पाहून ‘हा तर मूळचा हिंदू सण’ असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण त्यातून फारसे काही कळत नाही. नवे धान्य पिकविणाऱ्याला ते एकट्याने आणि निमूटपणे खाववत नाही, ही शेतकऱ्याची भावना सर्व धर्मांच्या आधीची आहे. या घरांनी केले ते असे की, रोमच्या पंचांगातील तारखांतून आपल्या शेताला जुळणारी तारीख निवडली आणि तिच्यात आपले नवान्न बसविले.

पावसाने सणाचे रूपच पालटल्याचे उदाहरण म्हणजे २४ जूनचा सांजांव, अर्थात सेंट जॉन द बॅप्टिस्टचा सण. पोर्तुगालमध्ये तो ऐन उन्हाळ्यात येतो. तेथे होळ्या पेटवून त्यांवरून उड्या मारतात. गोव्यात त्या दिवशी आभाळ कोसळत असते. जाळ पेटणार कसा? मग उडी राहिली आणि जाळाच्या जागी पाणी आले. डोक्यावर फुलापानांचे ‘कोपेल’ घालून पोरे आणि तरुण काठोकाठ भरलेल्या विहिरींत उड्या मारू लागले. याचा जो अर्थ घराघरांत मुलांना सांगितला जातो तो लूकच्या शुभवर्तमानातला आहे. मरियेने एलिझाबेथला हाक मारली तेव्हा एलिझाबेथच्या पोटातील बाळाने आनंदाने उडी मारली. विहीर म्हणजे ते उदर. नव्या जावयाचा मानपान आणि वर्षभरात जन्मलेल्या बाळाचे कौतुक या सणाला जोडलेले आहे. जाहीरनाम्याच्या वाटेला न गेलेले हे भाष्य धर्मपंडितांनाही हेवा वाटावे इतके नेमके आहे.

नाताळचा गोठा घ्या. त्याची परंपरा १२२३ साली संत फ्रान्सिसने ग्रेचो येथे मांडलेल्या देखाव्यापर्यंत नेली जाते. गोव्यातील घरांत नाताळाच्या काही दिवस आधी मुले उथळ भांड्यांत माती घालून नाचणी पेरतात. वीतभर कोवळी रोपे उगवली की ती भांडी गोठ्यात मांडतात आणि बेथलेहेमच्या मेंढपाळांना कोकणातले हिरवे शेत मिळते. रोज पाणी घालणे, अंकुर मोजणे, भावाचे भांडे आपल्यापेक्षा हिरवे का म्हणून रुसणे ही सारी मुलांची आगमनकाळाची उपासना. घटस्थापनेला पेरलेले धान्य पाहिलेल्या मुलाला हे काम वेगळे शिकवावे लागणार नाही.

येथे थोडे युरोपकडे वळून पाहायला हवे, कारण सण चर्चमधून घरात येण्याची क्रिया तेथेही घडली आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑस्ट्रियात सम्राट दुसरा जोसेफ याने धर्माच्या ‘सुधारणे’साठी चर्चमधील गोठ्यांच्या देखाव्यांवर बंदी घातली. परिणाम असा झाला की शेतकऱ्यांच्या घरोघरी लाकडी गोठे मांडले जाऊ लागले. बंदीमुळे सण संपला नाही, तो मुलांच्या उंचीवर आला. गोव्याचे इन्क्विझिशन आणि व्हिएन्नाचा सुधारक सम्राट यांचे हेतू परस्परांहून अगदी भिन्न होते. घराचे उत्तर मात्र सारखेच निघाले.

रोजचा सराव

वर्षातून चार-सहा दिवस येणारा सण मुलाच्या अंगी मुरतो तो रोजच्या सरावाने. कॅथलिक घरात भिंतीच्या कोनाड्यात किंवा लाकडी देव्हाऱ्यात ‘ओरातोर’ असतो. सायंप्रार्थनेची घंटा झाली की खेळणारी मुले घरी परततात, ‘तेर्स’ म्हणजे जपमाळेची प्रार्थना होते, आणि ती संपल्यावर लहानांनी मोठ्यांकडे ‘बेसांव’ मागायचा. पोर्तुगीज ‘बेंसांव’चा हा अपभ्रंश. शब्द परका, पण संध्याकाळी दिवा लागल्यावर मोठ्यांना नमस्कार करण्याची चाल इथलीच.

पुरुषांची गैरहजेरी हाही या इतिहासाचा भाग आहे. एकोणिसाव्या-विसाव्या शतकांत गोव्यातील असंख्य पुरुष जहाजांवर, मुंबईत, आफ्रिकेत कामाला गेले. मुंबईत ते आपापल्या गावाच्या ‘कुडां’त राहत. तेथेही रोज तेर्स होई आणि गावच्या संताचे फेस्त होई. मुले तेवढी नसत. गावातील घरात मुले असत आणि बाप नसे. सणाची सर्व जबाबदारी आईवर आणि आजीवर पडली. नेवऱ्यांचे सारण, दोदोल तासन्‌तास घोटणे, कणकेच्या गोळ्या फणीवर किंवा काट्याच्या चमच्यावर वळून कुलकुल करणे ही कामे घरातील पोरांना हाताशी धरूनच होत. ‘कोंसुआद’ म्हणजे फराळाचे ताट शेजारी पोहोचविण्याचे काम तर मुलांचेच. ताट हिंदू शेजाऱ्याकडेही जाई, आणि दिवाळीला तिकडून ताट येई. सतराव्या-अठराव्या शतकांतील कायदे शेजारातील ही ये-जा तोडू पाहत होते. ताट घेऊन कुंपण ओलांडणाऱ्या मुलाला त्या कायद्यांची गंधवार्ता नव्हती.

वसई आणि मराठी

वसईची कथा थोडी निराळी आहे. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीज अंमल राहिला. नंतर चिमाजी आप्पांनी किल्ला जिंकला. युरोपीय धर्मगुरू गेले, ख्रिस्ती शेतकरी आपल्या वाड्यांत राहिले. गोव्यात भाषेवर जे राजकीय दडपण दीर्घकाळ राहिले, ते येथे १७३९ नंतर उरले नाही. सामवेदी, वाडवळी अशा मराठीच्या बोलींतच त्यांची लग्ने लागली, मुलांना अंगाई ऐकविली गेली, सण झाले. मुंबई-साष्टीच्या ख्रिस्ती समाजाने १८८७ मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले, तरी घरातील भाषा पुष्कळ काळ मराठीच राहिली. या मातीतून आलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा अनेकांना कॅथलिक धर्मगुरूच्या मराठीचे नवल वाटले. ज्या घरांत नाताळ पिढ्यान्‌पिढ्या मराठीतच उगवत होता, त्यांना ते वाटण्याचे कारण नव्हते.

घराला मिळालेली मान्यता

२१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीचा आपला प्रमुख दस्तऐवज प्रसृत केला. त्यात कुटुंबाला ‘घरातील चर्च’ असे म्हटले असून, आईबाप हे मुलांचे पहिले धर्मशिक्षक होत असे सांगितले आहे. आदल्याच वर्षी परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाव दिला होता. झेवियरच्या पत्रापासून या दस्तऐवजापर्यंत चारशेवीस वर्षे झाली. आरंभी मुलाला घराविरुद्ध उभे करणे हे धर्मकार्य होते. अखेरीस घर हेच मुलाचे पहिले चर्च ठरले. परिषदेतील धर्मपंडितांपुढे कोकणातील चुली नव्हत्या, हे उघड आहे. पण त्यांनी जे तत्त्व म्हणून मांडले, ते या चुलींभोवती केव्हाच व्यवहारात आलेले होते.

आज या सणांपुढे बंदीहुकमाचे संकट नाही. संकट आहे ते शेतांचे आणि भाषेचे. वसईच्या वाड्यांतील भातशेती इमारतींखाली जात आहे. आगेऱ्याला लागणारे कणीस दुरून आणावे लागते. फराळ विकत मिळतो, त्याबद्दल तक्रार करण्याचा अधिकार दिवसभर नोकरी करून येणाऱ्या बाईखेरीज कोणालाही नाही. पण प्रार्थनेची आणि गोष्टीची भाषा बदलून इंग्रजी झाली की आजीजवळचे शब्द नातवापर्यंत पोहोचत नाहीत, आणि हे नुकसान विकत भरून निघणारे नाही. १७३६ च्या यादीने नकळत का होईना, त्या घरांतील हळद, तुळस, ओवी आणि भात यांची नोंद करून ठेवली. आज अशी यादी करणारा शत्रूही उरलेला नाही.

ती आता अभ्यासकांनी करायला हवी. मराठी आणि कोंकणी विभागांतील विद्यार्थ्यांनी ‘ख्रिस्तपुराणा’च्या छंदावर आणखी एक प्रबंध लिहिण्याआधी वसईतील, सासष्टीतील एखाद्या घरात जाऊन म्हाताऱ्या बाईला विचारावे की, तुमच्या लहानपणी सणाच्या आदल्या रात्री तुम्हांला कोणते काम सांगत, आणि ते करताना कोण काय गुणगुणत असे. तिच्या उत्तरातील शब्द शब्दकोशांत सापडतीलच असे नाही. ते आधी उतरवून घ्यावेत. त्यांची व्युत्पत्ती मागाहून शोधता येईल.